खिडकीजवळची जागा

शेंदुरखेडचा कुणी फौजी सुट्टीवर येणार असला किंवा सुट्टी संपवून निघणार असला, तर ती बातमी गावाला कुणी सांगावी लागत नाही. श्रावण इंगोल्याची जीप हापशीवर धुतली जाताना दिसली, की गाव समजून जातं. एरवी त्या जीपला पाणी लागतं ते पावसाळ्यातच. दारव्हा ते बोरी अरब अशा दिवसाला चार फेऱ्या, आत पंधरा माणसं, मागच्या पायरीवर लटकलेली तिघं आणि टपावर ढेपेची पोती. तिचा काळा रंग कुठं संपतो आणि पिवळा कुठं सुरू होतो, हे धुळीमुळे श्रावणलाही सांगता आलं नसतं.

श्रावण तसा गोडबोल्या माणूस नव्हे. पन्नाशी ओलांडलेली, आवाज फाटका, आणि तोंडात कायम कुणाला तरी सरकवण्याची भाषा. "सरका थोडं, घरच्या दिवानावर बसले का?" असं तो लग्नाच्या वऱ्हाडालाही सुनावतो. समोरच्या सीटवर स्वतःला धरून चार माणसं कोंबतो आणि गिअर टाकताना शेजारच्याचा गुडघा हातानं बाजूला सारतो. पण गाडीत फौजी असला की समोर दुसरं कुणी बसायचं नाही. खिडकीजवळच्या जागेवर धुतलेली चादर अंथरलेली असते. भाड्याचं कुणी नाव काढलंच, तर श्रावण अशा नजरेनं बघतो की माणूस गुपचूप पाकीट खिशात घालतो.

याचं कारण गावाला ठाऊक आहे, पण त्याच्यासमोर कुणी काढत नाही. तीस वर्षांपूर्वी यवतमाळच्या मैदानावर भरती होती. श्रावण धावण्यात पहिल्या पाचात आला, छाती भरली, उंची बसली. मग डॉक्टरनं त्याला ओल्या पायांनी फरशीवर उभं केलं आणि उमटलेला ठसा पाहून मान हलवली. तळवे सपाट होते. ज्या पायांनी तो सगळ्यांच्या पुढे पळाला होता, तेच पाय चालणार नाहीत असं सांगून त्याला घरी पाठवलं. घरी येऊन तो दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला आणि तिसऱ्या दिवशी मामाबरोबर गाडी शिकायला गेला.

शेंदुरखेडला फौजीची एक जुनी रीत आहे. तो गावी आला की आधी वेशीतल्या मारोतीपाशी थांबतो, त्याची आई पितळी परातीत त्याचे पाय धुते, पदरानं पुसते आणि मगच तो गावात शिरतो. फार वर्षांपूर्वी लढाईवरून परतलेल्या पोराचे पाय एका माउलीनं असे धुतले होते, तेव्हापासून हे चालत आलंय. आता त्यात डीजे, फुलं, मोबाईल धरलेले हात असं बरंच काही शिरलंय, पण परात तीच आहे. श्रावण बौद्ध पुऱ्यातला. त्याच्या घरात असलं काही करत नाहीत. पाय धुणं चालू असताना तो जीपला टेकून बाजूला उभा राहतो आणि सगळं आटोपलं की सामान उतरवून देतो.

निघतानाची रीत उलटी. घरच्यांनी वेशीपलीकडे यायचं नाही. आई दहीसाखर हातावर ठेवते आणि तिथंच थांबते. त्यामुळे बडनेऱ्याच्या स्टेशनात, दोन तासांवर, फौजीला निरोप द्यायला गावाचं म्हणून एकटा श्रावण असतो. शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत तो फलाटावरून हलत नाही. परत आला की स्वतःच्या घरी जाण्याआधी त्या आईच्या दारात जातो आणि एकच वाक्य बोलतो.

"बसला गाडीत. खिडकीजवळ जागा भेटली."

प्रत्यक्षात पोरगा संडासाच्या दाराशी ट्रंकेवर बसून गेलेला असो, की एका पायावर लोंबकळत, श्रावणच्या तोंडी खिडकी ठरलेली. आयुष्यात त्यानं इतकं इमानानं सांभाळलेलं खोटं दुसरं नसेल. त्याची बायको कौसल्या म्हणायची, "एखांद्या दिवशी पकडले जासान." तो म्हणायचा, "पकडू दे. त्या बाईले रातभर झोप तं लागते."

विमलताईनं हे वाक्य बारा वर्षं ऐकलं होतं. नवरा लवकर गेला, चार एकर रान आणि एकुलता एक अमर. तो फौजेत गेल्यावर रानही तिनंच ओढलं. दिवाळीच्या सुमाराला सरहद्दीवरून फोन आला, की गस्तीवर असताना अमरच्या पायाला मार लागलाय. मग पुण्याच्या दवाखान्यातून अमरच बोलू लागला. पाय मोडलाय, प्लास्टर आहे, काळजी नको. व्हिडिओवर दिसायचा तो कमरेच्या वर. विमलताई म्हणाली मी येते, तर म्हणाला इथं घरच्यांना राहू देत नाहीत. ती बिचारी खरं मानून बसली आणि चार महिने फोनवर त्याला दूध प्यायला सांगत राहिली.

फेब्रुवारीत एका सकाळी श्रावणचा फोन वाजला.

"काका, मी अमर. आज दुपारी बडनेऱ्याले उतरतो. घ्याले या. पन कोनाले सांगू नका, मायलेबी नाही."

श्रावणनं कुणालाही सांगितलं नाही. कौसल्यालाही नाही. फक्त सवयीनं जीप हापशीवर नेली, साबण लावून धुतली, चादर अंथरली आणि निघाला. आपण काय करून बसलो हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. तो फाट्यावर पोचायच्या आत गावात चर्चा सुरू झाली होती. जीप धुतली म्हणजे फौजी येतोय, आणि आज येण्यासारखा एकच आहे, तो म्हणजे विमलताईचा अमर.

बडनेऱ्याला अमर गाडीतून उतरला तो आधी एक पाय, मग दांडा धरून थांबून दुसरा. श्रावणनं बॅग घेतली. "प्लास्टर निंगालं वाटते," तो म्हणाला. अमरनं इकडंतिकडं पाहिलं, बाकावर बसला आणि डाव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत वर केली. गुडघ्याखाली पाय नव्हता. कातडीच्या रंगाचा बनवलेला पाय होता, त्याला बूट घातलेला.

श्रावणनं खाली बसून ती पँट हळूच परत खाली ओढली, जणू पोराला थंडी वाजेल.

"काका, तुमचे तळवे सपाट निंगाले, अन् माहा तं पायच गेला. आता आपुन दोघंबी फेल," अमर हसत म्हणाला.

"तू कायचा फेल बे," श्रावण खेकसला आणि डोळे पुसायला बॅगेच्या आड वाकला.

वाटेत अमरनं मनातलं सांगितलं. फौजेनं त्याला नोकरीवर ठेवलं होतं, भांडारातलं काम दिलं होतं, ती चिंता नव्हती. चिंता आईची होती. "घरात, चुलीजवळ बसून, मीच सांगीन तिले. मंग गावाले कळो. लोकायसमोर तिले कळलं, तं ती लोकायसाठी धीर धरन, अन् आतल्या आत मरन. बाबा गेले तवा असंच केलतं तिनं." श्रावणनं मान डोलावली. गाव दुपारी रानात असतं, मागच्या पांदणीनं सरळ घरापर्यंत जीप नेऊ, असं त्यानं ठरवलं.

फाटा दहा मिनिटांवर राहिला असताना फोन आला. सरपंच मारोतराव होते आणि मागं डीजेचा दणदणाट ऐकू येत होता.

"श्रावण, कुठी पोचला? पुरं गाव वेशीत हाय. विमलताईनं परात मांडली. दोन तास झाले थे जागची हालली नाही. लवकर आन आमच्या वाघाले."

श्रावणनं जीप रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. आता त्याला धुतलेलं बॉनेट दिसलं आणि स्वतःच्या अकलेवर थुंकावंसं वाटलं. घर गाठून उपयोग नव्हता, कारण आई घरी नव्हतीच. ती वेशीत परात घेऊन बसली होती, त्याच पायांची वाट बघत. दोनशे माणसांसमोर ती बूट काढायला वाकली असती.

अमरचा चेहरा उतरला. "चला काका," तो म्हणाला. "आता इलाज नाही."

"गप बस," श्रावण म्हणाला. "तुह्या वावरात उतरवतो तुले. विहिरीजवळ बस."

विमलताईचं रान गावाच्या अलीकडं, वळणाच्या आड होतं. हरभरा सोंगून झाला होता. विहिरीजवळच्या निंबाखाली अमरला बसवून श्रावण रिकामी जीप घेऊन वेशीत गेला. उभ्या जन्मात त्याला इतका लांब रस्ता लागला नव्हता.

जीप दिसताच फुलं उधळली गेली. पोरं आरोळ्या ठोकत धावली आणि समोरची सीट रिकामी पाहून जागच्या जागी थांबली. डीजे बंद पडला. नव्या लुगड्यातली विमलताई परातीजवळून उठली. दुधाचा लोटा तिच्या हातातच होता.

"फौजी कुठी हाय?" मारोतरावांनी माईकवरूनच विचारलं.

श्रावण खाली उतरला. खरं सांगावं तर अमरचा शब्द मोडतो आणि खोटं सांगावं तर ते इतक्या मोठ्या मापाचं त्याला जमत नव्हतं. तो विमलताईकडे गेला आणि म्हणाला, "ताई, जीपमधी बसा. माह्यासंगं चाला."

"अरे, काय तमाशा लावला?" मारोतराव चिडले. "पुऱ्या गावाले उन्हात उभं करून, आता पाहुनाच नाही?"

गर्दीतून कुणीतरी आवाज काढला, "या लोकायले आपली रीत पटतच नाही ना. म्हनून उतरवून देल्लं असन मधातच."

ते वाक्य श्रावणच्या जिव्हारी लागलं. इतकी वर्षं तो जीपला टेकून उभा राहिला होता आणि कुणाच्या रीतीला एका शब्दानं नख लावलं नव्हतं. दुसरा कुठलाही दिवस असता तर त्यानं त्या माणसाला गर्दीतून ओढून काढलं असतं. आज त्यानं ओठ आवळले आणि दार उघडून धरलं.

विमलताईचं लक्ष त्या कुणाकडेच नव्हतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "जित्ता हाय ना?" तिनं हळू विचारलं.

"जित्ता हाय. हसून राह्यला. बसा."

ती परात बगलेत मारून जीपमध्ये चढली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या धुतलेल्या चादरीवर बसली. मारोतराव माईक हातात धरून बघत राहिले आणि श्रावणनं गाडी वळवली.

थोडं पुढं गेल्यावर ती म्हणाली, "श्रावनभाऊ, बारा साल झाले तुमी मले खिडकीची जागा सांगून राह्यले. रेल्वेच्या सगळ्या खिडक्या काय माह्याच पोराले देतेत?"

श्रावणच्या हातातलं स्टिअरिंग हललं. "मालूम होतं तुमाले?"

"पहिल्याच खेपेले. पन तुमी एवढ्या दुरून सांगाले येता, म्हनून मानत होती." ती परातीची कड चोळत राहिली. "आज मात्र खरं सांगा. काय झालं त्याले?"

"थे तोच सांगीन. मी कबूल केलं हाय त्याले," श्रावण म्हणाला.

रानात पोचल्यावर ती एकटीच निंबाकडे गेली. श्रावण पाठ फिरवून धुऱ्यावर, रानाच्या बांधाशी, उभा राहिला. अमरचा आवाज आला, हळू, बराच वेळ. मग काहीच ऐकू येईना. आणि मग विमलताईचा हंबरडा ऐकू आला, मोकळ्या रानात घालावा तसा, कुणाची भीड न ठेवता घातलेला. पाठोपाठ धपाटे. ती पोराच्या पाठीवर दोन्ही हातांनी मारत होती. "माह्यापासून लपवलं? चार महिने? मी काय परकी हाय? मी तुले दूध पे म्हनत होती, अन् तू हो माय, हो माय करत होता?" अमरही रडत होता. श्रावणलाही रडू आलं, आणि त्यानं ते आवरलं नाही.

बऱ्याच वेळानं तिनं हाक मारली. "श्रावनभाऊ, मोटर लावा. पानी पाह्यजे."

विजेची लाईन होती. पाइपचं पाणी परातीत पडलं. विमलताईनं अमरचा उजवा पाय बोटाबोटांतून धुतला आणि पुसला. मग डाव्या पायाचा बूट तिनं स्वतः सोडला. आत मोजा होता, तोही काढला. त्या बनवलेल्या पायाला बनवलेली बोटं होती, नखांच्या खुणांसकट. तिनं ती नीट पाहून घेतली आणि पाय परातीकडे ओढला.

"माय, त्याले पानी चालत नाही," अमर घाईनं म्हणाला.

"कायले?"

"आत लोखंड हाय. गंजते."

विमलताई थांबली. मग तिनं पदराचं टोक परातीत बुडवलं, घट्ट पिळलं आणि त्यानं तो पाय पुसायला घेतला, टाचेपासून वर गुडघ्यापर्यंत. बोटांच्या फटींतली धूळही काढली. "हाच तं तुले घरापर्यंत घेऊन आला," ती म्हणाली. "याले कसा सोडू?"

अमर जीपमध्ये बसला नाही. वेशीपर्यंत तो चालत गेला, शेजारी आई, तिच्या डोक्यावर पालथी परात. मागून श्रावण पहिल्या गिअरात रिकामी जीप घेऊन. चालण्यातला झोल लांबूनही दिसत होता. अमरनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती, त्यामुळे कुणाला काही विचारावं लागलं नाही. डीजेवाल्या पोरानं बटणावरचा हात काढून घेतला. विमलताईनं परात मारोतीपुढं ठेवली आणि म्हणाली, "धुतले. दोन्हीबी धुतले." गर्दीनं आपसूक वाट दिली. तो आवाज काढणारा कुठं तरी मागं सरकला होता आणि मारोतरावांनी माईक खाली ठेवला होता. ते श्रावणच्या खिडकीपाशी आले आणि दारावर हात ठेवून उभे राहिले.

अमर महिनाभर राहिला. जायच्या दिवशी श्रावण जीप घेऊन हापशीवर गेला, तर मारोतराव आधीच दांड्याशी उभे होते. "तू साबन लाव, मी पानी मारतो," ते म्हणाले, आणि सरपंच असूनही धोतराचा सोगा खोचून अख्खी जीप धुऊन होईस्तोवर हापसत राहिले.

विमलताईनं वेशीत दहीसाखर दिली आणि रीतीप्रमाणे तिथंच थांबली. संध्याकाळी दिवेलागणीला श्रावण परतला आणि सरळ तिच्या दारात गेला. ती ओसरीवर तूर पाखडत होती, शेजारच्या दोन बायाही होत्या. श्रावण तोंड उघडणार, तोच ती हसून म्हणाली, "खिडकीजवळ जागा भेटली ना?"

"भेटली होती," श्रावण म्हणाला. "या खेपेले खरीखुरी. रिझर्वेशन होतं, खिडकीच होती."

"होती म्हंजे?"

"एक म्हातारी चढली, तिले जागा नव्हती. त्यानं तिले देऊन टाकली. मी वरडलो त्याच्यावर, पन आयकते कुठी."

विमलताईच्या हातातलं सूप थांबलं. "मंग तो कुठी बसला?"

"बसला नाही, ताई. दाराजवळ उभा होता. गाडी सुटली तवा दांडाबी सोडला, अन् मले कडक सलाम केला. मी पाह्यत होतो, पार शेवटपर्यंत. उभाच होता."

"उभा होता?"

"उभा होता."

ती सूप खाली ठेवून उठली, ओसरीच्या कडेला आली आणि शेजारच्या बायांनाच नव्हे तर पार वेशीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"आयकलं का वं? माहा अमर उभ्यानं गेला! उभ्यानं!"